मदत हवी आहे: नदीतल्या तळाचाही मालक असतो का?

नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरला राहतो. गेल्या उन्हाळ्यापासून फ्लाय फिशिंगचं (गळाला खोटी माशी लावून मासे धरण्याचं) वेड लागलंय. कोलोरॅडोचं लायसन्स आहे, वेडर्सही (पाण्यात उभं राहायची उंच, पाणी न शिरणारी विजार) घेतले (किंमत बायकोला अजून सांगितलेली नाही).

मागच्या रविवारी सरकारी जागेतून ओढ्यात उतरलो आणि पाण्यातूनच वर चालत गेलो. काठावरचे एक आजोबा शांतपणे म्हणाले, "पाणी सगळ्यांचं, पण तुम्ही उभे आहात ते दगड माझे." मी ओशाळून परत आलो. गावी सावंतवाडीकडे ओढ्यात गरी टाकताना कुणाला विचारल्याचं आठवत नाही!

घरी येऊन वाचलं. कोलोरॅडो राज्याच्या सुप्रीम कोर्टाने 1979 मध्येच ठरवलंय की खाजगी जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्यात मौजेसाठी उतरायचा लोकांना हक्क नाही. उलट मोंटाना राज्यात 1984 चे निकाल आणि 1985 चा कायदा यांमुळे नेहमीच्या पूररेषेच्या (मोठा पूर सोडून एरवी पाणी जिथवर चढतं त्या खुणेच्या) आत कुणीही मासे धरू शकतो. फक्त नदीपर्यंत जाताना दुसऱ्याचं शेत तुडवायचं नाही. सार्वजनिक रस्त्यावरच्या पुलावरून उतरता येतं.

सप्टेंबरमध्ये मोंटानातल्या बोझमनजवळ गॅलटिन नदीवर जायचंय. ती पूररेषा प्रत्यक्षात ओळखायची कशी? गवत संपतं तिथे की गोटे संपतात तिथे? आणि कोलोरॅडोत जमीनमालकाकडे परवानगी मागायला कुणी गेलंय का? थेट दार वाजवायचं की आधी चिठ्ठी टाकायची? हद्द दाखवणारं एखादं भरवशाचं ॲप असेल तर तेही सांगा.