अनुभव धागा: बेतीचा काठ, १८ डिसेंबर १९६१ (१:३५ डायोरामा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचा छोटा देखावा)

धागाकर्ता

प्रसंग एकच धरू. ऑपरेशन विजय (गोवा मुक्तीची लष्करी कारवाई), १८ डिसेंबर १९६१ची संध्याकाळ. थिवीच्या बाजूने आलेली पश्चिमेकडची तुकडी बेतीला पोहोचली आहे, समोर मांडवी, पलीकडे पणजी. एक जीप, चार जवान, चिऱ्यांचा धक्का. याचं तयार किट बाजारात शोधत बसू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश-अमेरिकन किटांना कापून-जोडूनच हे करावं लागतं.

छंद कसा लागला, घरचे काय म्हणाले, ते कृपया नको. माप, साहित्य, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच लिहा.

चाकोरी

जीपपासून सुरुवात करतो. तामिया या जपानी कंपनीची १:३५ विलीज एमबी (महायुद्धातली अमेरिकन जीप) घ्या. हाती असलेल्या फोटोत युद्धातली जुनी विलीज असेल तर फारसं काम नाही. महिंद्राची सीजे-३बी करायची असेल तर खरी कापाकापी आहे.

दोन्हींचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) ८० इंचच, म्हणजे मॉडेलवर ५८ मिमी. त्यामुळे चॅसी, चाकं, स्प्रिंगा तशाच चालतात. बदलतं ते नाक. सीजे-३बीचं हरिकेन इंजिन उंच, म्हणून बॉनेट आणि जाळीही उंच. किती उंच, ते अंदाजाने ठरवू नका. बाजूने सरळ काढलेला फोटो घ्या, दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर ५८ मिमी होईल इतका छापा आणि त्यावर पट्टी लावा. तिरका फोटो घेतलात तर बॉनेट हमखास लांब किंवा ठेंगणं येतं.

किटचं बॉनेट वाढवू नका, फेकून द्या. १ मिमी प्लॅस्टिकार्डचा (प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचा) गाभा करा, वर ०.५ मिमीची कातडी. जाळीत एमबीला नऊ फटी, सीजेला सात. फटीच्या दोन्ही टोकांना ०.८ मिमीचं भोक पाडून मधलं पातं काढायचं, मग चपटी कानस. दिवे जाळीच्या मागे दडलेले नकोत, पुढे आलेले हवेत. सात इंची दिवा म्हणजे ५ मिमी. समोरची काच अखंड, मधला दांडा नाही.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे स्टिअरिंग. किटमध्ये ते डावीकडे असतं, महिंद्रा उजवीकडची. चाक उचलून पलीकडे चिकटवलं की झालं असं नाही. पेडल, खालचा दांडा आणि डॅशबोर्डवरचं भोकही हलवावं लागतं.

रेवा

माणसांबद्दल. आधी कोण कुठे होतं ते बघा. बेतीकडे आलेल्या तुकडीत २ शीख लाइट इन्फंट्री होती. पॅराच्या (छत्रीधारी) पलटणी बाणस्तारी आणि उसगाव-फोंड्याच्या वाटेने आल्या. तेव्हा मरून टोप्या देखण्या दिसतात म्हणून या काठावर सगळ्यांच्या डोक्यावर चढवू नका. इथे पगडी हवी.

तामियाचे ब्रिटिश पायदळाचे पुतळे चालतात. ३७ पॅटर्नचे (ब्रिटिश लष्करी) पट्टे, ली-एनफील्ड रायफल, ब्रेन मशीनगन सगळं त्यात आहे. पगडी करताना नेहमीची चूक म्हणजे पूर्ण डोक्यावर पुटी (कालवून घडवायचा, मग कडक होणारा लगदा) चढवणं. १:३५मध्ये डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत जेमतेम साडेसहा मिमी. त्यावर २ मिमी पगडी चढली की जवान भोपळ्यासारखा दिसतो. भुवईच्या वर डोकं सपाट कापा, ०.५ मिमी पितळी तार खुपसा, तिच्याभोवती पुटीचा लहान शंकू करून पूर्ण वाळू द्या. पट्टी त्यानंतर.

पट्टीसाठी मिलीपुट (बारीक कणाची एपॉक्सी पुटी) टाल्कम पावडरवर लाटा, पापडाहूनही पातळ, ०.३ मिमीच्या आसपास. २ मिमी रुंद कातरा. कपाळाच्या मध्यापासून कानाकडे, एकदा डावी एकदा उजवी, प्रत्येक बाजूला पाच-सहा थर. कानाचा वरचा अर्धा भाग झाकला गेला पाहिजे. लाटल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, लगेच उचललीत तर ताणून तुटते. नळाच्या गळतीला वापरतात ती एपॉक्सी पुटी इथे नको. तिचा कण जाड, घडी पडत नाही. जमिनीला मात्र उत्तम.

हात-पाय बदलताना सांधा कपड्याच्या घडीत कापा, मधेच नको. कंबरेत वळवलेल्या पुतळ्याच्या पट्ट्यांच्या रेषा जुळत नाहीत. ते पट्टे सरळ तासून टाका आणि शिशाच्या पातळ पत्र्याचे नवे लावा.

चिरेबंद

धक्का. चवथीच्या मखराचा उरलेला थर्माकोल डोळ्यांसमोर येतो, पण त्याचे मणी सुटतात आणि चिऱ्याची धार येत नाही. घट्ट निळा-गुलाबी फोम मिळतो तो घ्या. सुपरग्लू आणि स्प्रेचा डबा दोन्हींना वितळवतात, म्हणून चिकटवायला फेव्हिकॉल आणि पहिला हात ॲक्रिलिकचाच.

पंधरा इंची चिरा मॉडेलवर ११ मिमी. चिरे सुटे कापून रचा. एका फळीवर रेषा ओढल्या की विटा वाटतात. जांभ्याची भोकं पाडायला ताठ तारांचा ब्रश टोचा, पण सगळीकडे सारखी नकोत. रंग तामियाचा एक्सएफ-६४ लाल-तपकिरी, त्यात थोडा एक्सएफ-५९ (वाळवंटी पिवळा). भोकांत काळा नको, गडद तपकिरी. मधले सांधे चुन्याचे, मळलेले.

आता भरती-ओहोटी. मांडवीच्या मुखाशी पाणी मोठ्या भरतीला दोनेक मीटर चढतं-उतरतं. १:३५मध्ये ते जवळपास पावणेसहा सेंमी! पाण्याच्या वर इतका पट्टा काळपट-हिरवा, खाली कालवांचे पांढरे ठिपके. कालवांना अंड्याच्या कवचाचा चुरा पुरतो. हा पट्टा नसला की धक्का तळ्याकाठचा वाटतो.

धागाकर्ता

@चिरेबंद, हा पट्टा सगळे विसरतात. पलीकडे पूल दाखवू नका, हेही जोडतो. १९६१ला इथे मांडवीवर पूल नव्हता, फेरीबोट होती.

माडाखाली

माडाचं गणित आधी करा, मग फळी विकत घ्या. पंधरा मीटरचा माड म्हणजे ४३ सेंमी. जीप दहा सेंमीसुद्धा नाही. पूर्ण माड लावला की नजर वरच जाते. दोन बुंधे चौकटीबाहेर कापलेले, आणि खाली पडलेलं एक सुकं झावळ, पुरे.

झावळ १२ ते १३ सेंमी. मध्ये तांब्याची तार, तिच्यावर दुमडलेला पातळ कागद, कडेने तिरपे काप. पाती दोनेक सेंमीची. वाळलेल्या झावळाची पाती देठाकडे मिटतात, ताज्यासारखी पसरट ठेवू नका.

महिना डिसेंबर आहे हेही लक्षात असू द्या. पावसाळी हिरवागार गालिचा नको. कडेचं गवत पिवळं पडू लागलेलं, रस्ता धुळीचा, चिखल फक्त पाण्यालगत.

खाजनातला

माती खरी वापरायची तर वापरा, गोव्यात तिची काय कमी! पण उन्हात वाळवून थेट ओतलीत तर पहिल्याच पावसाळ्यात पांढरी बुरशी येते, कारण मुळं-काड्या आत राहतात. चहाच्या गाळणीतून दोनदा चाळा, ओव्हनमध्ये १२० अंशांना अर्धा तास तापवा. फेव्हिकॉल-पाणी निम्मे-निम्मे, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. साबण नसला की पाणी गोळी होऊन मातीवरून घरंगळतं. फेव्हिकॉलने माती गडद होते, म्हणून शेवटी तीच चाळलेली कोरडी माती ब्रशने वर फिरवा. जीपच्या मडगार्डखाली आणि बुटांवरही तीच. गाडीला एक धूळ आणि रस्त्याला दुसरी, असं दिसलं की सगळं फसतं.

फळी एमडीएफची असेल तर खालून आणि कडांनाही वॉर्निश हवं. फक्त वरून ओली केलेली फळी वाकते आणि धक्क्याला तडा जातो.

चाकोरी

रंगाबद्दल राहिलं. जून ते सप्टेंबर लॅकर किंवा मॅट वॉर्निश स्प्रे करू नका. हवेतला ओलावा थरात अडकून पांढुरकं जाळं येतं. आलंच तर कोरड्या दिवशी रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव) घातलेल्या थिनरचा हलका हात द्या, बहुतेकदा उतरतं. जीपला एक्सएफ-६२ (लष्करी गडद हिरवा) थेट मारला तर लहान आकारात काळा दिसतो. दहा भागांना एक-दीड भाग एक्सएफ-५७ (फिका पिवळट-तपकिरी) मिसळा. गणवेशाचा हिरवा याहून फिका ठेवा, नाहीतर जवान जीपमध्ये विरघळतात.

रेवा

पाणी कोणी लिहिलं नाही. दोन घटकांचं रेझिन एका वेळी २-३ मिमीच. जाड ओतलं की तापतं आणि फोम खचतो. मांडवी निळी नाही, मातकट हिरवी. रेझिनमध्ये रंग अगदी थोडा, रंगाच्या एका थेंबात टेकवलेल्या काडीने मिसळा. आणि धक्क्याचा प्रत्येक सांधा आधी बंद करा, रेझिन केसाएवढ्या फटीतून रात्रभर गळतं आणि सकाळी फळी टेबलाला चिकटलेली असते.