बाबांच्या हिरड्यांतून रक्त येतंय, लिव्हरशी संबंध असेल का?

धायरीकर:
बाबा ६१ वर्षांचे, दारूला कधी हात लावला नाही पण शुगर जुनी, आणि गेल्या दिवाळीनंतर तपासण्यांमध्ये लिव्हर सिरॉसिस (लिव्हर आकसून कडक होणं) निघालं. आता महिनाभर झाला, सकाळी चूळ भरली की बेसिन लाल, उशीच्या अभ्र्यावरही डाग असतात. ते म्हणतात ब्रश कडक आहे. खालची एक दाढ हलतेय, ती काढायला शनिवारी कोथरूडला नेतोय. हिरड्यांचा नि लिव्हरचा खरंच संबंध असतो का, की मीच उगाच घाबरतोय?

मुठाकाठ:
दादा, शनिवारी दाढ काढू देऊ नका. रक्त गोठायला जे लागतं ते बहुतेक सगळं लिव्हरच बनवतं, शिवाय सिरॉसिसमध्ये प्लीहा वाढते नि प्लेटलेट कमी होतात, म्हणून आधी सीबीसी (रक्तपेशी, प्लेटलेट मोजणारी तपासणी) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी) करा, लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांची चिठ्ठी घेऊनच दातांकडे जा. माझ्या काकांना दाढ काढताना दाताच्या दवाखान्यात लिव्हरबद्दल कोणी विचारलं नाही, आम्हालाही सांगायचं सुचलं नाही, मग काकू आणि मी रात्रभर कापसाचे बोळे बदलत बसलो होतो. आणि दुखलं तरी मनाने आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका, सिरॉसिसमध्ये किडनीवर येतं आणि रक्तस्रावही वाढतो. शी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर तडक हॉस्पिटल.

हिरडीवाली:
मी पेरिओची, म्हणजे हिरड्यांच्या आजारांची पीजी करतेय. संबंध दोन्ही बाजूंनी आहे. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट साधारण ३ मिमीपर्यंत असते, ती खोल झाली की आत कीटण आणि जंतू साठतात, त्यातला पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस सगळ्यात बदनाम. हे जंतू लाळेबरोबर रोज पोटात जातात, आणि आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी लिव्हरलाच पोचतं, म्हणजे थकलेल्या लिव्हरवर अजून भार. २०१८ मध्ये अमेरिकेत सिरॉसिसच्या पेशंटच्या हिरड्यांवर नीट उपचार केले तेव्हा रक्तातलं एंडोटॉक्सिन (जंतूंपासून येणारं विष) कमी झालेलं दिसलं. त्याने सिरॉसिस बरा होतो असं नाही हां. पण हिरड्यांकडे दुर्लक्ष नको. बाबा मिश्री लावतात का?

धायरीकर:
लावतात ताई, तीस वर्षं, आईच तव्यावर भाजून देते. आज रिपोर्ट आला, प्लेटलेट ६४ हजार. शनिवारचं रद्द केलं, सोमवारी आधी लिव्हरच्या डॉक्टरांकडे. मिश्रीचा डबा आईने आज स्वतःच उचलून फेकला, बाबा सकाळपासून बोलत नाहीयेत तिच्याशी. मऊ ब्रश आणलाय.