भरीत पार्टीला अख्खं गाव, ग्रामसभेला तहकुबी

तापीकाठचा:
गेल्या आठवड्यात इथे एकांनी लिहिलं की थंडी पडली की खान्देशात गावोगावच्या समाजमंदिरात भरीत पार्ट्या रंगतात, अख्खं गाव एका पंगतीला बसतं आणि ‘ही एकी शहरवाल्यांच्या नशिबी नाही’. सोबत विस्तवाचे फोटो. खाली नुसती वाहवा. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

भाऊ, तेच समाजमंदिर 26 जानेवारीला येऊन बघा. ग्रामसभेला गणपूर्ती काय लागते? मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, जे कमी असेल ते. म्हणजे गाव कितीही मोठं असो, शंभर डोकी जमली की काम भागतं. आमच्याकडे झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या की माणूस गायब. सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे ग्रामसेवकालाही ठाऊक, सरपंचालाही. मग आठ-दहा जणांत घरकुलाची यादी मंजूर! पुढच्याच आठवड्यात त्याच हॉलात दीड मण वांग्याचं भरीत होतं, तेव्हा सतरंज्या कमी पडतात, मंडपवाल्याकडून मागवाव्या लागतात. ही एकी नाही, ही भूक आहे.

शिवाय ‘अख्खं गाव’ म्हणताना पंगतीत कोण नाही तेही बघा. फोटोत ते येत नाही.

केळीवाला:
जेवायला जमतात ते तरी जमू द्या की! आमच्याकडे दोन चुलतभाऊ, बांधावरून कोर्टात गेलेले. एरवी एक आला की दुसरा पारावरून उठून जातो. भरिताच्या रात्री दोघं एकाच बडगीसमोर, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यासमोर, एकाने मुसळ थांबवली की दुसरा घेतो. बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. हे तुमच्या कुठल्या ठरावाने झालं असतं सांगा.

आणि ग्रामसभेला येऊन करायचं काय? मागच्या इतिवृत्ताचं वाचन ऐकायचं. रस्त्याचं विचारलं की ‘निधी आला की करू’. लोक काही येडे नाहीत. सभा दुपारी ठेवता तेव्हा कापूस वेचणीला मजूर धरून ठेवलेले असतात. संध्याकाळी ठेवली तर रात्रपाळीची लाईट. गव्हाला, हरभऱ्याला पाणी भरायला आम्ही पारा दहाच्या खाली असताना चिखलात उभे, पायाशी काय वळवळलं ते बॅटरीत दिसत नाही. दिवसा लाईट देण्याच्या घोषणा ऐकून कान किटले. ती द्या, मग गणपूर्ती मोजा.

पुण्यातला खान्देशी:
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. आम्हीही इथे दर डिसेंबरात सोसायटीच्या हॉलमध्ये भरीत पार्टी करतो. गॅसवर भाजतो, धूर नाही, कटकट नाही, चव तीच. प्रश्न जागेचा नसून इच्छाशक्तीचा आहे.

भालोदचं वांगं:
गॅसवर??

साहेब, इच्छाशक्ती राहू द्या बाजूला. चव तीच कशी असेल? वांग्याला तेलाचा हात लावायचा, टोचे मारायचे आणि कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा. जाळ भडकतो आणि लगेच बसतो, साल कोळसा होते, आतला गर आपल्याच पाण्यात शिजतो आणि धुराचा वास घेऊन बाहेर येतो. मग लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचायचं. तुमच्या बर्नरवर एक बाजू करपते, दुसरी कच्ची. आणि ते जांभळं वांगं म्हणजे भरिताचं वांगं नव्हे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन उगाच नाही मिळालं.

पुण्यातला खान्देशी:
वांगी गावाहूनच येतात, ट्रॅव्हल्सने. माहिती नसताना बोलू नये.

बोंडअळीचा वैरी:
काड्यांचा विषय निघालाच आहे तर ऐका. नोव्हेंबरात पार्टी करता तेव्हा यंदाची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, शेतात उभी असते. मग काड्या कुठल्या? मागल्या वर्षीच्या, समाजमंदिरामागे रचलेल्या. त्यांना लटकलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी झोपून असते. पुढल्या हंगामात पतंग होऊन माझ्या शेतात. 2017 विसरलात? फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावर त्याच झाडांचा दुसरा बहर, घेऊ नका, काड्या गावात साठवू नका, दरवर्षी सांगतात. ऐकतो कोण!

भालोदचं वांगं:
अहो, आम्ही काड्या जाळतो म्हणजे अळीही जाळतो. सत्कार करा आमचा.

बोंडअळीचा वैरी:
जाळता किती? एका पार्टीला दोन भारे. उरलेला ढीग पुढचा पाऊस पडेस्तोवर तसाच. 2017 ला माझ्या शेतात बोंड फोडलं की आत अळी आणि काळपट सरकी. वेचणीला बायका यायला तयार नव्हत्या, वेचून मजुरीही निघेना. ट्रॅक्टर घातला उभ्या कपाशीत. तुमच्या धुराच्या वासाची किंमत मी का मोजायची? विनोद सुचतात लोकांना.

केळीवाला:
दादा, अळी गावातल्या एका ढिगातून येत नाही. जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पडून असतो, तिथून येत नाही का? तिथे बोला. तिथे बोलायची हिंमत नाही म्हणून भरितावर घसरायचं.

बोंडअळीचा वैरी:
तिथेही बोललो आहे, पतंग पकडायचे सापळे जिनिंगमध्ये लावा म्हणून. तुम्ही केळीवाले, तुम्हाला कपाशीचं काय पडलंय!

अमळनेरकर:
कसाले भांडी ऱ्हायनात भो? भरीत गरम शे तवलोंग खाई ल्या.

सासर रावेर:
काड्या की गॅस, यावर इतके पुरुष भांडताहेत बघून करमणूक झाली. जाळ लावणं हे दहा मिनिटांचं काम. त्यानंतर ती गरम वांगी सोलतं कोण? आम्ही, मागच्या दाराशी, एका बल्बखाली. बोटं काळी होतात, नखातली काजळी चार दिवस निघत नाही. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या आम्हीच थापायच्या, पीठ जरा कोरडं झालं की कडेने चिरतात. आणि पंगतीत आरोळी, ‘आबांच्या हातचं भरीत!’ आमची पंगत शेवटी, तोवर भरिताचं तेल थिजलेलं.

धागा काढणाऱ्यांनी गणपूर्तीचं लिहिलं. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, तिचं एका शब्दाने लिहिलं नाही. आमच्याकडे ती सभा रजिस्टरातच भरते. शिपाई दारात येतो, ‘काकू, सही करा’. मी विचारलं, कशावर? म्हणाला, नेहमीचीच आहे.

निवृत्त मास्तर:
विषय भरकटला. 1936 च्या डिसेंबरात याच भागात, फैजपूरला, काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. बांबू-तट्ट्यांचं तिलकनगर उभं केलं, नंदलाल बोसांनी सजवलं. ना स्लॅब होता, ना फरशी. त्याच कडाक्याच्या थंडीत लांबलांबून लोक बैलगाड्यांनी आले आणि बसून भाषणं ऐकली.

केळीवाला:
मास्तर, दरवेळी फैजपूर! तेव्हा व्यासपीठावर नेहरू होते. आमच्याकडे सरपंचाचा साडू असतो.

तापीकाठचा:
बरं. केळीवाल्यांचे चुलतभाऊ बडगीपाशी बसले, मान्य. दोन तास तरी कोर्टाला सुट्टी मिळाली. सासर रावेर म्हणतात तेही मान्य, महिला सभेचं लिहायला हवं होतं. मग असं करा, भरिताच्याच रात्री रीतसर नोटीस काढून ग्रामसभा घ्या. आधी महिला सभा, मग ग्रामसभा, मग ताटं. घरकुलाची यादी मोठ्याने वाचल्याशिवाय बडगी उघडायची नाही. बघू कोण तहकूब करतो ते!

भालोदचं वांगं:
यादीवर वाद झाला तर वांगी थंड होतील.

सासर रावेर:
होऊ द्या. आम्ही दरवर्षी थंडच खातो. नोटिशीत पुऱ्या कोण थापणार तेही लिहा, नावानिशी.

बोंडअळीचा वैरी:
काड्या बोंडं झाडून आणणार असाल तरच मी येईन.

भालोदचं वांगं:
तुम्हाला बोलावलंय कोणी?