कोकणातलं साहित्य आणि बोली: कालखंड लावायचे कसे?

देवगडकरीण
नमस्कार मंडळी. मराठीत एम. ए. करतेय. लघुप्रबंधाचा विषय कोकणातल्या लेखकांची भाषा. सर म्हणाले, कालखंडानुसार मांड. म्हणून क्रम लावला: गोव्यात आलेल्या इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण (१६१६), केशवसुत, श्री. ना. पेंडसे, शेवटी उर्मिला पवार. काळ पुढे सरकतो तशी साहित्यात बोली वाढत जाते, असं दाखवायचा बेत होता. केशवसुतांपाशी गाडं अडलं. माणूस मालगुंडचा, ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ लिहिणारा, आणि कवितेत तिथल्या बोलण्याचा मागमूस नाही. त्यांच्याआधी पावणेतीनशे वर्षं स्टीफन्स मात्र लोकांच्या तोंडचे शब्द खुशाल मिसळतो. सर म्हणतात, ‘अपवाद म्हणून तळटीप दे.’ अख्खे केशवसुत तळटिपेत कोंबायचा मला धीर होत नाही. काय करू?

खाडीकाठ
तळटीप नको, ती चढती रेघच खोडा.

केशवसुत गेले १९०५ साली. ब्रिटिश अधिकारी ग्रिअर्सनच्या भारतातल्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंडही १९०५ चाच. त्यात संगमेश्वरी आहे, बाणकोटी आहे, कुडाळी आहे. म्हणजे बोली होती, नोंदलीही जात होती. कवितेने घेतली नाही. घेणार तरी कशाला? केशवसुत शिकले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, पुढे मास्तरकी करत खानदेश-धारवाडपर्यंत फिरले. इंग्रजी कवितेवरून त्यांनी सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, आणलं, कवीच्या ‘मी’ला मधोमध उभं केलं, रूढींवर तुटून पडले. शाळेत घोटलेली मराठी बदलायची असं त्यांच्या भांडणात कुठे होतं?

आता स्टीफन्स. त्याची प्रस्तावना नीट वाचा, तुमचा अर्धा प्रबंध तिथेच आहे. शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकले आणि ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे तिथल्या कोकणीतले, सोपे शब्द ठिकठिकाणी घातले, असं तो स्वतःच सांगतो. पण पुराण म्हटल्यावर ओवी आणि मराठी सोडली नाही. याच माणसाने गोव्यातल्या सासष्टीतल्याच लोकांसाठी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं लिहिली ती कोकणीत. तो गेल्यावर १६२२ साली छापली गेली. लेखक एक, गाव एक, काळ एक. भाषा बदलली ती लेखनप्रकार बदलला म्हणून.

आणि हे समजायला सासष्टीला तरी कशाला जायचं? जत्रेतलं दशावताराचं नाटक आठवा. बाकड्यावर बसलेला राजा प्रधानजींशी पुस्तकी मराठीत बोलतो, संवाद आयत्या वेळचे असले तरी. शेजारी उभं विनोदी पात्र मालवणीत त्याची फिरकी घेतं आणि समोरचा प्रेक्षक दोन्ही भाषा बिनबोभाट पचवतो. त्या मंडपात एकच रात्र असते. तिला कुठल्या कालखंडात घालणार?

तेव्हा दर लेखकाचं निवेदन वेगळं आणि संवाद वेगळे तपासा. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’मध्ये (१९५२) दापोलीकडची ढब संवादात ऐकू येते, सांगणारा प्रमाण मराठीत राहतो. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) येईपर्यंत दलित आत्मकथनांनी भाषेचा सोवळेपणा मोडून काढला होता. तिथे आई-आज्यांचं बोलणं जसंच्या तसं येणं हाच एक दावा असतो. पेंडशांच्या संवादांशी त्याची सरळ तुलना करू नका.

वेंगुर्ल्याचो झील
अवो बाईनु, तेवढ्या ग्रिअर्सनाक डोक्यार घेव नका. तेचे बरेचशे नमुने म्हंजे बायबलातल्या उधळ्या पोराच्या गोष्टीचा भाषांतर. बाजारात मासे इकणारी बाई तशी बोलणा नाय.

आता तुमच्या प्रबंधाच्या भाषेत सांगतो. वाक्यरचना, प्रत्यय यांसाठी ते नमुने वापरा, बोलण्याच्या लयीसाठी नको. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेचं बोलींचं सर्वेक्षण ऑनलाइन आहे, ते आधी उघडा. आणि ‘मालवणी’ असा एकच शिक्का मारू नका. गाबितांचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं, बोलणं वेगळं, कुडाळ-सावंतवाडीकडचं वेगळं.

देवगडकरीण
दशावताराचं कसं सुचलं नाही कोण जाणे, दरवर्षी बघते. प्रकरणं आता लेखनप्रकाराने पाडते: पुराण, कविता, कादंबरी, आत्मकथन. साल कंसात. सरांना पटवायचं काम बाकी आहे. एक राहिलं: बाळशास्त्री जांभेकर घ्यावेत का? पोंभुर्लं आमच्याच तालुक्यात, म्हणून मोह होतोय.

खाडीकाठ
गावाच्या अभिमानापोटी नको, गद्यासाठी घ्या. ‘दर्पण’ (६ जानेवारी १८३२) मध्ये एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. अशा जोडीने छापलेल्या मराठीची वाक्यं कशी वळतात ते पाहा आणि ते प्रकरण केशवसुतांच्या अगोदर ठेवा. शाळेतली मराठी कुठून आली हे एकदा दिसलं की सरांशी फार वाद घालावा लागणार नाही. आणि हो, उतारे घेताना जुने अनुस्वार गाळू नका. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी लेखन बदललेल्या आवृत्त्या वेगळ्या ठेवा.