घरगुती थ्रिलरचा कंटाळा? अर्धा मान्य
तुम्ही म्हणताय की हल्लीचे डोमेस्टिक थ्रिलर (म्हणजे घरातल्या, नवरा-बायकोच्या नात्यातल्या रहस्यकथा) सगळे एकाच साच्यातले, पंधरा पानांत नवऱ्यावर संशय येतो म्हणून, तर ते पटलं पण अर्धंच. २०१२ ला गिलियन फ्लिनचं 'गॉन गर्ल' आलं आणि मग २०१५ मध्ये पॉला हॉकिन्सचं 'द गर्ल ऑन द ट्रेन', तेव्हापासून खोटं बोलणारी नाहीतर काही न आठवणारी बाई निवेदक म्हणून इतकी वापरलीय की आता कोणी खरं बोललं तरी मला संशय येतो :)

पण फ्रीडा मॅकफॅडनचं 'द हाऊसमेड' (२०२२) मी रात्री दोनपर्यंत जागून संपवलं, भाषा अगदीच सपाट आहे, सकाळी एक वाक्य आठवेल तर शपथ, पण माळ्यावरची ती खोली आणि तिची बाहेरून लागणारी कडी डोक्यातून जाईना. मॅकफॅडनबाई पेशाने डॉक्टर, मेंदूच्या दुखापती हाच त्यांचा विषय, वाचकाच्या मेंदूचं काय करायचं ते बरोब्बर कळतं त्यांना! फक्त त्यांची एकापाठोपाठ तीन पुस्तकं वाचू नका, दुसऱ्यातच ट्विस्ट कुठे येणार ते कळायला लागतं. मध्ये एखादी साधी, खुनाबिनाशिवायची कादंबरी घाला.