मदत हवी आहे: उकडीचे मोदक वाफवताना बुडाशी तडकतात

प्रमाण असं: 1 वाटी आंबेमोहोर पिठी, 1 वाटी पाणी, चमचाभर लोणी, चिमूटभर मीठ. आधण आल्यावर पिठी घालून 2 मिनिटं दणदणीत वाफ, मग गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळणं. पारी छान होते, कळ्याही नाकापर्यंत सुबक जुळतात. मोदकपात्रात हळदीच्या पानावर 10 मिनिटांनी मात्र बुडाला केसासारखी चीर, आणि तिथून गुळाचा पाक पाझरतो. सारण कोरडंच आहे, 2 वाट्या खोबऱ्याला 1 वाटी गूळ.

पिठी जुन्या तांदळाची आहे. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, म्हणून सव्वा वाटी पाणी घ्यावं का? की मोदक पाण्यात बुडवून पात्रात ठेवणं पुरेल? अनुभवी मंडळींनी कृपया नेमकं प्रमाण सांगा.