आपत्तीनंतर सरकारची जबाबदारी कुठपर्यंत?

प्रश्न: भूकंप किंवा महापुरानंतर तातडीची मदत वाटून झाली की यंत्रणा माघारी फिरते, मग घर, शेत आणि रोजगार एकदमच गमावलेली वस्ती पुन्हा उभी करणे हे सरकारचे कर्तव्य मानावे की मेहेरबानी?

प्रतिसाद १: कर्तव्यच. भारताच्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम १२ निवारा, अन्न, पाणी आणि आरोग्यसेवा यांचे किमान निकष ठरवायला सांगते. विधवा व अनाथांचा त्यात वेगळा उल्लेख आहे.

प्रतिसाद २: निकष कागदावर आहेत, पण खरी कसोटी पुनर्वसनात लागते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर कित्येक गावे नव्या जागी हलवली, तेथे शहरी थाटाचे रुंद रस्ते आणि चौकोनी भूखंड आखले, परंतु अनेकांची शेते दूर राहिली. याउलट, २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये बांधकामाच्या टप्प्यांनुसार अनुदानाचे हप्ते मिळाले आणि बहुतेकांनी आपली घरे स्वतः उभारली. मला दुसरी पद्धत अधिक न्याय्य वाटते.

प्रतिसाद ३: सहमत, मात्र अनुदान मालकीच्या कागदावर मिळत असेल, तर भाडेकरू आणि भूमिहीन मजूर यादीबाहेरच राहतात. त्यांची नोंद पंचनाम्याच्या वेळीच झाली पाहिजे.